‘आपोआप’ म्हणजे कोण?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. अक्षर सुरेख आणि प्रश्न त्याहून सुरेख. ती लिहिते, ‘आजीच्या फोनवर मी गेम खेळले की फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. तोच फोन रात्रभर आजीच्या उशाशी पडलेला असतो, तर सकाळी बॅटरी जवळजवळ होती तेवढीच! दादाला विचारलं तर म्हणतो, काम नसलं की प्रोसेसर आपोआप हळू होतो. पण आपोआप म्हणजे कोण करतं?’

दादालोकांचं हे असंच असतं. ‘आपोआप’ म्हटलं की सुटले! अहो, दूध आपोआप उतू गेलं असं आपण म्हणतो, तेव्हासुद्धा खालचा गॅस कोणीतरी मोठा करून ठेवलेला असतो. फोनमधला गॅस लहानमोठा करणारं कोणीतरी आहे, आणि आज आपण त्यालाच भेटणार आहोत.

त्याचं नाव कर्नल. लष्करातले कर्नलसाहेब नव्हेत हं! हा कर्नल म्हणजे बीच्या आतला गर, गाभा. फोन किंवा संगणक चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टीम असते, तिचा अगदी आतला भाग. अँड्रॉइड फोनमध्ये जो कर्नल असतो त्याला लिनक्स म्हणतात. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. त्याचा सगळा मजकूर कोणालाही वाचता येतो, म्हणून आपल्यालाही आत डोकावून बघता येतं.

घराच्या बांधकामावर मुकादम असतो ना? तो स्वतः वीट उचलत नाही. पण कोण कधी काम करणार, कोणी बसून घ्यायचं, हे तोच सांगतो. कर्नल हा प्रोसेसरचा मुकादम. गेम, घड्याळ, संदेश, गाणी, सगळ्यांना प्रोसेसर हवा असतो. पाळ्या लावायच्या त्यानंच, आणि प्रोसेसरनं पळायचं की चालायचं हेही त्यानंच सांगायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग नेहमी सावकाशच चालवावं की! बॅटरी वाचेल. थांबा, गणिताची वही काढा.

प्रोसेसर ठोक्यावर काम करतो. १ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १० लाख ठोके. प्रत्येक ठोक्याला त्यातल्या असंख्य चिमुकल्या टाक्या विजेनं भरतात आणि रिकाम्या होतात. समजा टाकी पाण्याची आहे आणि तुम्ही ती बादलीनं भरताय. निम्म्या उंचीपर्यंतच भरायची ठरवली तर पाणी निम्मं लागेल, आणि ते चढवायचंही निम्म्याच उंचीवर. निम्म्याचं निम्मं, म्हणजे कष्ट पाव! विजेच्या टाकीत ही उंची म्हणजे व्होल्टेज. व्होल्टेज निम्मं केलं तर एका ठोक्याचा खर्च पावपट होतो. म्हणजे खर्च व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो आणि सेकंदाला ठोके किती, त्याप्रमाणेही.

मग व्होल्टेजच कमी करावं आणि वेग तोच ठेवावा! तसं चालत नाही. व्होल्टेज उतरलं की आतली बटणं सुस्तावतात. एका ठोक्याचं काम पुढचा ठोका पडायच्या आत संपत नाही, आणि उत्तरं चुकायला लागतात. दोन अधिक दोन पाच सांगणारा प्रोसेसर काय कामाचा? म्हणून आधी वेग उतरवायचा आणि मगच व्होल्टेज.

खरं उदाहरण घेऊ. जानेवारी २००० मध्ये इंटेल कंपनीनं लॅपटॉपसाठी एक पेंटियम-थ्री प्रोसेसर आणला. प्लग लावलेला असला की तो ६५० मेगाहर्ट्झनं आणि १.६ व्होल्टवर चाले. बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झनं आणि १.३५ व्होल्टवर. १.३५ चा वर्ग भागिले १.६ चा वर्ग करा: ०.७१ येतं. त्याला ५०० भागिले ६५० नं, म्हणजे ०.७७ नं गुणा. उत्तर ०.५५ च्या आसपास. वेग २३ टक्क्यांनी कमी झाला, पण दर सेकंदाची वीज ४५ टक्क्यांनी! काय, झालं की नाही नवल?

पण घाई करू नका. काम तर तेवढंच आहे. जे काम ६५० च्या वेगानं १ सेकंदात होतं त्याला ५०० च्या वेगानं १.३ सेकंद लागणार. पूर्ण वेगाचा खर्च सेकंदाला १०० धरला, तर एकीकडे १०० आणि दुसरीकडे ५५ गुणिले १.३, म्हणजे ७१ किंवा ७२. अजूनही फायदाच आहे.

आता खरी गंमत. प्रोसेसर एकटा जागा नसतो. त्याच्याबरोबर मेमरी आणि इतर भागही वीज खात असतात. समजा, काम संपताच या सगळ्यांना झोपवता येतं, आणि जागेपणी त्यांचा खर्च सेकंदाला आणखी १०० आहे. मग पूर्ण वेगानं एकूण २००. आणि सावकाश? प्रोसेसरचे ७१ अधिक बाकीच्यांचे १३०, एकूण २०१! सगळी बचत पाण्यात. अशा वेळी धावत काम उरकायचं आणि लवकर झोपायचं हेच बरं. (बाकीच्यांचा खर्च १०० ऐवजी २० धरून पाहा, निकाल पुन्हा उलटतो.) म्हणजे मुकादमाला ‘सावकाश म्हणजे स्वस्त’ असं एकच सूत्र पाठ करून भागत नाही.

आणि याहून मोठी अडचण पुढेच आहे. पुढच्या क्षणी किती काम येणार हे त्याला ठाऊकच नसतं. तुम्ही बोट कधी लावाल, फोन कधी वाजेल, गेममधला राक्षस कधी उडी मारेल, हे त्याला कोण सांगणार?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्क वायझर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नेमका हाच प्रश्न हातात घेतला. त्यांनी खऱ्या संगणकांच्या कामाच्या नोंदी घेतल्या आणि वेगवेगळे मुकादम कागदोपत्री त्यावर चालवून पाहिले. एक मुकादम सगळं भविष्य जाणणारा. दुसरा पुढचं अगदी थोडंसं जाणणारा. हे दोघे अर्थात प्रत्यक्षात मिळायचे नाहीत! तिसरा मात्र आपल्यासारखा साधा माणूस. तो एवढंच म्हणतो, ‘मघाशी जेवढं काम होतं तेवढंच आता असेल.’ आणि एवढ्या साध्या अंदाजावरही पुष्कळ वीज वाचू शकते असं त्यांना दिसलं. मला हा तिसरा मुकादम फार आवडतो. आपणही छत्री घ्यायची की नाही हे बऱ्याचदा कालच्या पावसावरूनच ठरवतो की!

फक्त तो चुकतो. समजा, एकामागून एक क्षणांचं काम असं आहे: २, २, ३, २, ९, ९, १. त्यानं ९ च्या वेळी तयारी ठेवली २ ची, म्हणजे ७ काम अडकलं. शेवटी १ च्या वेळी वेग ठेवला ९ चा, तो वाया. वाया गेलेली वीज तुम्हाला दिसत नाही. अडकलेलं काम मात्र लगेच डोळ्यांत भरतं. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंदच मिळतात. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही की गेम अडखळतो आणि तुम्ही ओरडता, ‘हँग झाला!’

यावर लिनक्समध्ये २००४ साली एक उपाय आला. त्याचं नाव ऑनडिमांड. मागणी तसा पुरवठा, म्हणा ना. ठरावीक वेळानं तो बघायचा, की गेल्या थोड्या वेळात प्रोसेसर किती टक्के गुंतलेला होता? ८० टक्क्यांच्या वर असेल, तर एकेक पायरी न चढता थेट सर्वांत वरचा वेग. काम ओसरलं की मग खाली. याचं कारण साधं आहे. थोडी वीज जास्त गेली तर चालेल, पण माणूस खोळंबता कामा नये. व्यंकटेश पल्लीपाडी आणि अलेक्सी स्टारिकोव्हस्की या इंटेलच्या दोघांनी २००६ मध्ये कॅनडात ओटावाच्या लिनक्स परिषदेत याची सगळी हकिगत सांगितली.

तरीही तो मधूनमधून डोकावणारा. दोन डोकावण्यांच्या मध्ये काही घडलं तर त्याला पत्ता नाही. पुढे विचार आला, की कोणाची पाळी कधी हे ठरवणारा पाळीवाटप्या, म्हणजे शेड्युलर, कर्नलमध्येच बसलेला आहे. कोणतं काम आलं, कोणतं गेलं हे त्याला त्याच क्षणी कळतं. मग वेगही त्यालाच विचारून ठरवावा! पोलंडच्या राफाल विसोत्स्की यांनी हे जमवलं आणि २०१६ मध्ये ते लिनक्समध्ये आलं. त्याचं नाव स्केडयुटिल.

यातला हिशेब मला अगदी आपल्या घरातला वाटतो. जुनं काम हळूहळू विसरायचं. ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या कामाला आताच्या निम्मं वजन, ६४ पूर्वीच्याला पाव, असं. कालच्या चाचणीचे गुण जास्त धरायचे, गेल्या वर्षीच्या चाचणीचे कमी! आणि मग जेवढी गरज दिसते त्याच्या सव्वापट वेग मागायचा. सव्वापट का? चार पाहुणे येणार म्हणून आई पाच जणांचा भात लावते, तसंच. आयत्या वेळी कोणी वाढलं तर पंचाईत नको.

आता रात्रीकडे वळू. आजीचा फोन उशाशी पडलाय. काम नाही, मग नुसता वेग कमी करून भागत नाही. प्रोसेसरला व्होल्टेज मिळत असलं की काही न करताही त्यातून थोडी वीज झिरपत राहते, गळक्या नळासारखी. म्हणून त्याला झोपवायचं. झोपेचेही प्रकार आहेत. एक आरामखुर्चीतली डुलकी, हाक मारली की ओ देणारी. दुसरी गादी घालून, मच्छरदाणी लावून काढलेली झोप. तिच्यात बचत मोठी, पण गादी घालायला आणि आवरायलाही वेळ आणि वीज लागतेच.

इंटेलनं २०१५ मध्ये आणलेल्या स्कायलेक प्रोसेसरसाठी लिनक्समध्ये याचं कोष्टकच लिहिलेलं आहे. सर्वांत हलक्या झोपेतून उठायला २ मायक्रोसेकंद, सर्वांत गाढ झोपेतून ८९०. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) आणि पुढच्या रकान्यात ताकीद: निदान ५००० मायक्रोसेकंद निवांत मिळणार असतील तरच या गाढ झोपेत जा, नाहीतर परवडायचं नाही. म्हणजे इथेही पुन्हा अंदाज आलाच, पुढचं काम किती वेळानं येईल? लावलेला गजर कधीचा आहे हे मुकादमाला माहीत असतं. बाकी, गेल्या काही वेळा झोप किती वेळात मोडली होती त्यावरून तो ठरवतो.

गंमत म्हणजे, पूर्वी प्रोसेसरची झोप मोडण्याचं काम कर्नल स्वतःच इमानेइतबारे करत असे! घड्याळाचा ठोका पडला की उठून बघायचं, काही काम आहे का? साध्या पीसीवर हे सेकंदाला १०० वेळा चाले, आणि २००३ च्या शेवटी आलेल्या लिनक्स २.६ मध्ये तर १००० वेळा. झोपलेल्या माणसाला दर मिनिटाला हलवून ‘झोपलास ना?’ असं विचारण्यातलाच हा प्रकार. २००७ च्या एप्रिलमधल्या लिनक्स २.६.२१ मध्ये, काम नसेल तर ठोकाच पाडायचा नाही अशी सोय पीसीसाठी झाली. पुढच्याच महिन्यात इंटेलनं पॉवरटॉप नावाचा एक छोटा प्रोग्राम दिला. कोणता प्रोग्राम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो याची यादी तो दाखवायचा. झालं! कितीतरी प्रोग्राम काही कारण नसताना सारखे डोकावत असल्याचं उघड झालं. वर्गात कोण बडबड करतं त्यांची नावं फळ्यावर लिहिली की काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी भराभर दुरुस्त्या केल्या.

आणि हल्लीच्या पुष्कळ फोनमध्ये तर मजूरही दोन तऱ्हेचे असतात. इंग्लंडच्या आर्म कंपनीनं ऑक्टोबर २०११ मध्ये ही कल्पना जाहीर केली. काही गाभे दणकट पण खादाड, काही लहान पण काटकसरी. घड्याळाचा काटा सरकवायला पैलवान कशाला? कोणाला कोणतं काम द्यायचं याचा विजेच्या हिशेबानं विचार करणारा पाळीवाटप्या २०१९ मध्ये लिनक्स ५.० मध्ये आला.

राहिलं तापणं. गेम खेळताना दणकट गाभे सतत वरच्या वेगानं चालतात, खर्च झालेल्या विजेची उष्णता होते, आणि फोनला पंखा नसतो. आतले तापमापक मुकादमाला कळवतात, आणि ठरलेली मर्यादा आली की तो वेग उतरवतो. भर उन्हात गच्चीवर खेळलात तर गेम का रेंगाळतो, ते आता कळलं ना? तिथे मुकादमाचा नाइलाज असतो.

पत्राच्या शेवटी ता. क. आहे: ‘आजीचा फोन हल्ली हळू चालतो, तो म्हातारा झाला म्हणून का?’ याची कारणं बरीच असू शकतात. नवे प्रोग्राम जड झालेले असतात, साठवणीची जागा भरलेली असते. पण एका वेगळ्या फोनच्या बाबतीत हा प्रश्न पार सरकारदरबारी गेला होता, ती गोष्ट सांगतो.

बॅटरी जुनी झाली की तिच्या आतला अडथळा वाढतो. प्रोसेसरनं एकदम मोठी उडी मारली, एकदम जास्त वीज ओढली, तर तिचं व्होल्टेज खचकन खाली येतं आणि फोन बंद पडतो. चार्ज ३० टक्के दिसत असतानाही! २०१६ च्या सुमाराला ॲपलच्या आयफोनमध्ये असं होत होतं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनं ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बदल केला. (आयफोनचा कर्नल लिनक्स नव्हे, वेगळा आहे.) बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरला मोठी उडी घेऊच द्यायची नाही. फोन बंद पडणं कमी झालं, पण फोन हळू झाले. हे लोकांना नीट सांगितलं मात्र नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या एका प्रोग्रामच्या लोकांनी हजारो मोजमापांचे आलेख छापले. एकाच प्रकारच्या फोनचे वेग सगळे एका जागी असायला हवेत. ते वेगवेगळ्या पायऱ्यांवर विखुरलेले होते. मग कंपनीनं कबुली दिली आणि माफी मागितली. अमेरिकेत बॅटरी बदलून देण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलर केला. मार्च २०१८ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारा आणि हा लगाम काढून टाकण्याची मुभा देणारा पडदा फोनमध्ये आला. फ्रान्सच्या सरकारी ग्राहक-संरक्षण खात्यानं फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीला २ कोटी ५० लाख युरो दंड केला.

माझं मत विचाराल तर वेग उतरवला यात मुकादमाचं काही चुकलं नव्हतं. हातातल्या फोनवर कोणी घरी बोलत असताना तो पटकन मिटण्यापेक्षा हळू चाललेला बरा. पण बॅटरी बदलली की फोन पुन्हा पळेल, हे माहीत नसल्यानं कितीतरी जणांनी नवा फोन घेण्याचा विचार केला असेल! आजीच्या फोनच्या बाबतीत, नवा घेण्याआधी बॅटरी तपासून घ्यायला बाबांना जरूर सांग.

आता खेळ. दोघं जण हवेत. एकानं गुपचूप १ ते ८ मधले बारा आकडे लिहायचे. हे बारा क्षणांचं काम. दुसरा मुकादम. प्रत्येक आकडा उघडण्याआधी त्यानं वेग सांगायचा. वेग कमी पडला तर अडकलेल्या प्रत्येक कामाला ३ दंड. जास्त झाला तर वाया गेलेल्या प्रत्येकाला १ दंड. नमुना म्हणून ही यादी: १, १, २, १, ८, ८, ८, १, १, १, ६, १. सुरुवात १ नं करून ‘मघाशी होतं तेवढंच’ हा नियम लावला तर दंड ५२ होतो. सदानकदा ८ चाच वेग ठेवला तर ५७. पडताळून पाहा. ही यादी आता तुम्हाला माहीत झाली म्हणून ती बाद. नवीन लिहा आणि ‘मघाशी होतं तेवढंच’पेक्षा कमी दंडाचा नियम शोधा. सापडला की पोस्टकार्डावर कळवा, चांगले नियम पुढच्या एखाद्या अंकात देईन.

आणि पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीनं पहिल्यांदा दादालाच मुकादम करावं. एकच अट, खेळताना ‘आपोआप’ म्हणायला बंदी!